सॉकेट जुळत नाही? आधी एरर वाचा!

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकच ओरड, 'क्लायंट कनेक्ट होत नाही!' अशा वेळी मी कोड न खोडता एरर वाचतो. 'कनेक्शन रिफ्युज्ड' म्हणजे बहुधा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर सर्व्हर ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर आयपी किंवा फायरवॉल बघा. सर्व्हर १२७.०.०.१ ला बाइंड केला, तर शेजारच्या पीसीवरून कनेक्ट होणारच नाही. इंटेलवर 'एचटॉन्स' विसरलात, तर ५००० चं पोर्ट ३४८३५ होतं! दोन्हीकडे विसरलात तर चालतं, म्हणून चूक लपते. टीसीपी आपल्या भंडाऱ्याच्या वैनगंगेसारखा, सलग वाहणारा. दोन 'सेंड' एकाच 'रिसीव्ह'मध्ये येऊ शकतात. म्हणून आधी मेसेजची लांबी पाठवा. कोडची झेरॉक्स मिळते हो, पण व्हायव्हाला 'का?' चं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.