मोटारीचे ब्रेक कुरकुरतात तेव्हा

एकेकाळी मोटारगाडी ही मूठभर श्रीमंतांची मिरासदारी होती. आज ती शिक्षक, शेतकरी, छोटे व्यापारी, शासकीय कर्मचारी अशा असंख्य कुटुंबांच्या दारात उभी असते. गाडी घराघरांत पोहोचली. परंतु तिची निगा राखण्याचे ज्ञान मात्र त्या प्रमाणात पोहोचलेले नाही. ब्रेक दाबताच कानठळ्या बसविणारा चीत्कार निघतो, आणि आपण तो ‘जुन्या गाडीचे असेच चालायचे’ म्हणून सोडून देतो.

प्रस्तुत लेखकालाही हा धडा अनुभवानेच मिळाला. २०१९ च्या गणेशोत्सवात सहकुटुंब कराडहून चिपळूणकडे निघालो होतो. त्याआधी महिनाभर पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येत होता. ब्रेक ऑइलची पातळी थोडी उतरलेली दिसली, म्हणून स्वतःच भर घातली आणि निश्चिंत झालो. पाटण येथे चहासाठी थांबलो असता एका मिस्त्रीने तो आवाज ऐकला व चाक उतरवून दाखविले. पॅडवरील घर्षणाचा थर जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा उरला होता. पुढे कुंभार्ली घाटाचा उतार होता. मागील आसनावर मुले आणि वृद्ध आई होती. तासाभराचा तो खोळंबा मोठ्या संकटातून वाचवून गेला.

आवाज का होतो?

बहुतेक लहान गाड्यांत पुढील चाकांना डिस्क ब्रेक आणि मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलमधून दाब चाकापर्यंत पोहोचतो. पुढील चाकात दोन पॅड बिडाच्या फिरत्या तबकडीला चिमट्यासारखे धरतात. मागील चाकात दोन शू ड्रमला आतून घासतात. या घर्षणाने गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. पॅड तबकडीवर सलग न सरकता क्षणोक्षणी चिकटू व सुटू लागला की कंप सुटतो. हा कंप सेकंदाला हजाराहून अधिक वेळा झाला की त्याचाच तीक्ष्ण आवाज होतो. गज फिरविल्यावर व्हायोलिनची तार वाजते, ती याच तत्त्वावर.

आवाजावरून निदान

सर्वच आवाज धोक्याचे नसतात. म्हणून आवाज केव्हा, कसा व कोणत्या चाकातून येतो, हे प्रथम लक्षपूर्वक ऐकावे.

१) पावसाळी रात्रीनंतर किंवा गाडी धुतल्यानंतर पहिल्या काही वेळाच ब्रेक करकरत असतील, तर तबकडीवर गंजाचा पातळ थर आला आहे असे समजावे. काही वेळा ब्रेक लावताच तो झिजून जातो. त्याची चिंता नको.

२) हलका ब्रेक लावताना रोजच चीत्कार येत असेल, तर धूळ, अतितापाने पॅडवर आलेली काचेसारखी चकाकी अथवा पॅडमागील सैल वा झिजलेल्या पातळ पट्ट्या हे कारण संभवते.

३) गाडी नुसती चालत असतानाही बारीक किंचाळणे येत असेल, तर ती बहुधा मुद्दाम ठेवलेली धोक्याची घंटा असते. अनेक पॅडना पोलादाची लहान जीभ बसविलेली असते. पॅड झिजला की ती तबकडीला टेकून वाजू लागते.

४) खरखर ऐकू येत असेल आणि पेडलला हादरे बसत असतील, तर थर संपून धातूवर धातू घासत असण्याचा संभव असतो. अशा वेळी गाडी पुढे नेऊ नये.

५) मागील चाकांतील आवाजाचे मूळ पुष्कळदा ड्रममध्ये साठलेल्या चुऱ्यात किंवा अडकलेल्या हातब्रेकच्या तारेत आढळते.

दुरुस्ती

सपाट जागी, उरलेल्या चाकांना दगड वा ठोकळे लावून, केवळ जॅकवर विसंबून न राहता भक्कम स्टँडवर गाडी टेकवूनच चाक काढावे. नव्या पॅडचा थर साधारणतः १० मिलिमीटर असतो; तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावेत. एका चाकाचेच न बदलता समोरासमोरील दोन्ही चाकांचे बदलावेत. अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाते.

थर पुरेसा असेल व केवळ चकाकी आली असेल, तर काचकागदाने हलकेच घासावे. कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावावे. परंतु पॅडच्या घासणाऱ्या पृष्ठभागास त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. तबकडीवर खोल चरे पडले असतील किंवा तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेली असेल, तर ती बदलणेच योग्य. चुरा हवेने फुंकून काढू नये, ओल्या फडक्याने पुसावा. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो व तो फुप्फुसांना घातक असतो.

नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावावेत व दरम्यान ते थंड होऊ द्यावेत. त्यामुळे पॅड व तबकडी एकमेकांशी जुळतात आणि आवाजही टळतो.

दोन घातक चुका

आवाज बंद करण्यासाठी पॅडवर तेलाचे थेंब सोडणे ही पहिली चूक. आवाज थांबतो, पण त्याबरोबर ब्रेकही निकामी होतो. दुसरी चूक लेखकाने स्वतः केली. पॅड झिजतात तसे ब्रेक ऑइल खाली उतरते. अशा वेळी नुसती भर घातल्यास झीज झाकली जाते, आणि कोठे गळती असेल तर तीही. पातळी उतरल्यास आधी कारण शोधावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे लवकर उकळते. म्हणून सुमारे दर दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, ते बदलावे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेकवर पाय ठेवू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ने प्रत्येक मोटारीस दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम ब्रेक असणे बंधनकारक केले आहे. परंतु नियमाचा खरा उद्देश पाळला जातो तो गाडीधारकाच्या दक्षतेने. ब्रेकचा आवाज बंद करणे हे आपले ध्येय नव्हे. त्याचे कारण दूर करणे हे होय. सुट्टीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने अर्धा तास यासाठी काढला, तर तो वाया गेला असे कोणासही वाटणार नाही.