घरचा साठा आणि दुबार प्रती

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या दोन्ही काठांवरची गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेली. आमच्या करमाळा तालुक्याच्या बाजूला 'जुने गाव' आणि 'नवे गाव' हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या गावाचे उरले काय, असे विचारले तर पत्र्याच्या पेटीतले कागद : भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि एखाददुसरा पिवळा पडलेला फोटो. आमच्या घरी चुलत्यांनी हे सारे स्कॅन करून घेतले, एका जुन्या संगणकात दोन हार्ड डिस्क बसवल्या आणि घरातल्या सर्वांच्या फोनमधले फोटोही तेथेच जमा होतील अशी सोय केली. यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. त्यातली डिस्क बिघडली तर काय करावे, आणि एकाच वस्तूच्या पाच-सहा प्रती साचल्या तर त्यांचे काय करावे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे कोणी म्हणेल. परंतु प्रत, नक्कल, पाठभेद हे शब्द आमच्याच वर्गातले आहेत.

डिस्क आजारी पडल्याची लक्षणे ओळखता येतात. फाइल उघडायला फार वेळ लागतो, डिस्क मध्येच दिसेनाशी होते, किंवा आतून टकटक असा आवाज येऊ लागतो. अशा वेळी पुष्कळांचा हात प्रथम 'दुरुस्ती'च्या आज्ञेकडे जातो, आणि तेच घातक ठरते. दुरुस्तीचा प्रोग्रॅम डिस्कवर नव्याने लिहितो, सगळी डिस्क पिंजून काढतो. दमलेल्या बैलाला चढावर जुंपावे तसा हा प्रकार आहे. आधी लिहिणे थांबवावे आणि जे दुसरीकडे कोठेच नाही ते प्रथम बाहेर काढावे. सिनेमे पुन्हा मिळतात, जुन्या गावच्या वेशीचा फोटो मिळत नाही. वाचन अडखळत असेल तर 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सुखासुखी वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उचलून ठेवतो, अडलेला भाग मागे राखतो आणि कोठवर काम झाले याची नोंद एका फाइलीत करतो. वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्याकडे ही गोष्ट लहान नाही. मात्र टकटक ऐकू येत असेल तर यंत्र बंदच करावे. तो आतल्या भागांचा बिघाड असतो आणि प्रत्येक प्रयत्नागणिक तो वाढू शकतो.

आता निदानाकडे वळू. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातले तीन-चार आकडे पाहिले तरी पुरे. क्रमांक ५ म्हणजे निकामी झाल्यामुळे बदललेल्या जागा, १९७ म्हणजे संशयित जागा, १९८ म्हणजे वाचताच न आलेल्या जागा. हे आकडे चढू लागले की डिस्क जाणार असे समजून तयारीला लागावे. क्रमांक १९९ मात्र वेगळा आहे. तो चढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही. तो पुढे वाढायचा थांबला, एवढेच पाहायचे. हे ठाऊक नसल्याने धडधाकट डिस्क भंगारात जाते आणि सडकी केबल नव्या डिस्कला लागते.

पण आकडे स्वच्छ असले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या चार प्रमुख आकड्यांत आधी कसलीच खूण उमटली नव्हती!

म्हणून तर दोन डिस्क एकीला एक आरसा करून ठेवतात. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून साठा टिकवण्याच्या पद्धतींची मांडणी बर्कले विद्यापीठाच्या पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली केली; आरसा ही त्यांतली सर्वांत सोपी पद्धत. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते. परंतु आरसा जे समोर येईल ते दाखवतो. धाकट्या भावाने एका डिस्कवरचा फोटो पुसला की दुसरीवरचाही त्याच क्षणी पुसला जातो. विजेचा झटका आला तर दोन्ही एकदमच जातात. आणि बिघडलेली बदलताना चांगलीच उपसून काढण्याचा धोका असतोच. दोघी दिसायला जुळ्या. तेव्हा प्रत्येकीचा अनुक्रमांक आधीच चिठ्ठीवर लिहून बाहेरच्या बाजूला चिकटवावा.

आता दुबार प्रतींविषयी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले, तेव्हा पलीकडच्या काठावरचे, इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले. त्याचे फोटो गावोगाव फिरले आणि एकच फोटो सहा फोनांतून आमच्या सर्व्हरवर सहा वेळा येऊन बसला. धरणातल्या मृतसाठ्याचे पाणी निदान टंचाईत उपसता तरी येते. हा साठा नुसती जागा अडवतो.

मात्र यांतल्या खऱ्या दुबार प्रती कोणत्या, हे नावावरून ठरत नाही आणि तारखेवरूनही नाही. दोन फोनांतल्या अगदी वेगळ्या फोटोंचे नाव एकच असू शकते. खात्रीची पद्धत म्हणजे फाइलीचा ठसा काढणे. 'एसएचए-२५६' या रीतीने कोणत्याही फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो आणि आत एक ठिपका बदलला तरी सबंध ठसा बदलतो. ठसे जुळले तर प्रती तंतोतंत एक. न जुळले तर? येथे यंत्राचे काम संपते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा आक्रसलेला असतो, म्हणून त्याचा ठसा मुळाशी जुळत नाही, जरी डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ओव्या मोजून नव्हे, वाचून. आम्हीही निवाड्याच्या दोन स्कॅनपैकी अस्पष्ट दिसणारा ठेवला, कारण त्यातच मागच्या बाजूची आजोबांची सही होती.

निवडलेल्या दुबार प्रती लगेच पुसू नयेत. वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर ठेवाव्यात. आणि हे काम आजारी डिस्कवर कदापि करू नये. आधी साठा सुरक्षित, मग साफसफाई.

ज्या प्रती मुद्दाम ठेवायच्या त्या मात्र दूर असाव्यात. आमची तिसरी प्रत कुर्डुवाडीला आत्याकडे असते. दिवाळीला ती माहेरी येताना डिस्क पिशवीतून आणते; आम्ही त्यातल्या कोणत्याही दहा फाइली उघडून पाहतो, वर्षाची भर घालतो, आणि भाऊबीज झाली की डिस्क तिच्याबरोबर परत जाते.