वरिष्ठ पदाचा शोध आणि रिक्रूटर

चि. संकेत यास,


वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधणाऱ्या फर्मची फी कंपनी देते, उमेदवार देत नाही. रिक्रूटर कसा वागतो आणि का, हे बहुतेक या व्यवहारावरूनच कळते. त्याचे काम कंपनीला माणूस मिळवून देण्याचे असते. त्याने आठ दिवस निरोप दिला नाही तर त्यात अपमान मानू नये. हातातल्या जागेत तो उमेदवार बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणीचे किंवा मुलाखत ठरवण्याचे पैसे उमेदवाराकडे मागणारा मनुष्य रिक्रूटर नव्हे, हेही यावरूनच ओळखता येते. पैसे घेऊन रेझ्युमे लिहून देणारे किंवा सल्ला देणारे लोक असतात, पण तो वेगळा व्यवसाय आहे. नोकरीची हमी त्यांच्याकडेही नसते.

या धंद्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत माणूस रुजू झाला तरच फी मिळते. एका जागेसाठी तीन-चार कन्सल्टन्सी धावत असतात, म्हणून प्रत्येकीला रेझ्युमे लवकर पुढे सरकवण्याची घाई असते. भारतात या पद्धतीत ८.३३ टक्के हा दर पुष्कळदा कानावर येतो. तो वार्षिक पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. जागा जितकी वरची, तितका दरही चढतो. दुसऱ्या पद्धतीत कंपनी एकाच फर्मला मँडेट देते आणि फी हप्त्यांनी भरते. पहिला हप्ता काम सुरू होतानाच जातो. ही फी रूढीने पहिल्या वर्षाच्या रोख मोबदल्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. हायड्रिक अँड स्ट्रगल्स (१९५३), स्पेन्सर स्टुअर्ट (१९५६), इगॉन झेंडर (१९६४) आणि कॉर्न फेरी (१९६९) या फर्म याच पद्धतीने मोठ्या झाल्या. इथे घाई नसते. आधी जागेचे सविस्तर वर्णन लिहिले जाते, मग लांबलचक यादी होते आणि फोनवरच्या चौकशीनंतर मोजकी नावे कंपनीपुढे ठेवली जातात.

पहिला फोन आला की ही जागा मँडेटची आहे का, हे सरळ विचारावे. चांगला रिक्रूटर सरळ उत्तर देतो. कंपनीचे नाव मात्र पहिल्या फोनवर तो सांगेलच असे नाही. त्या जागेवरच्या माणसाला आपल्या जागी दुसरा येणार हे अजून ठाऊक नसते, असेही घडते. फोन करणारी व्यक्ती पुष्कळदा फर्ममधली तरुण रिसर्चर असते. तिला तुटक उत्तरे देणारा उमेदवार यादीतून तिथल्या तिथे गळतो. जागा आपल्याला योग्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि योग्य वाटणारी एक-दोन नावे त्या व्यक्तींची परवानगी घेऊन सुचवावीत. रिक्रूटर अशी मदत लक्षात ठेवतो.

एकाच फर्मवर विसंबून राहू नये, याला एक व्यावहारिक कारण आहे. जी कंपनी फर्मची ग्राहक असते, तिच्यातली माणसे ठरावीक काळ फोडायची नाहीत असा करार असतो. धंद्यात त्याला ‘ऑफ-लिमिट्स’ म्हणतात. उमेदवार अशा कंपनीत नोकरीला असेल तर ती फर्म त्याला कितीही चांगले ओळखत असली तरी फोन करणार नाही. त्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या चार-पाच फर्ममधल्या माणसांशी ओळख असली की ही अडचण बरीच कमी होते.

याउलट, रेझ्युमे सगळीकडे वाटणेही नडते. दोन कन्सल्टन्सींकडून एकच रेझ्युमे एका कंपनीत पोहोचला की फी कोणाची यावर वाद होतो, आणि वाद नको म्हणून कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवते. म्हणून आपल्याला विचारल्याशिवाय रेझ्युमे कोठेही पाठवायचा नाही, हे प्रत्येकाला ईमेलने कळवावे. कोणाशी, कधी, कोणत्या कंपनीबद्दल बोलणे झाले आणि कशाला होकार दिला, याची नोंदवही ठेवावी.

रिक्रूटर ही शोधाची एकच वाट आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या व्यावसायिकांचा आणि व्यवस्थापकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर आधारित निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के जणांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे. ५५.६ टक्के जणांची अधूनमधून, तर २७.८ टक्के जणांची क्वचितच होई. जवळच्या मित्रांना बहुधा आपल्यालाच ठाऊक असलेल्या बातम्या ठाऊक असतात. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. जुने सहकारी, पुरवठादार, ग्राहक कंपन्यांतले अधिकारी, ऑडिटर आणि कॉलेजचे सोबती यांच्याशी बोलण्यासाठी दर आठवड्याला थोडा वेळ राखून ठेवावा. त्यांच्याकडे नोकरी मागू नये. क्षेत्रात काय चालले आहे ते विचारावे.

आराखडा कागदावर असावा. चाकणच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला ऑपरेशन्स मॅनेजर प्लांट हेडची जागा शोधत असेल, तर त्याने तीस-चाळीस कंपन्यांची यादी तीन गटांत करावी: त्याच उत्पादनातल्या कंपन्या, साखळीत वर-खाली असलेले ग्राहक व पुरवठादार, आणि असे कारखाने विकत घेणारे गुंतवणूक फंड. गाव बदलण्याची तयारी किती, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्यावे. रांजणगाव आणि वाळूज चालेल पण साणंद, होसूर चालणार नाही, असे असेल तर ते रिक्रूटरला पहिल्याच भेटीत सांगावे. शेवटच्या फेरीनंतर ‘बायको तयार नाही’ असे सांगणाऱ्याला ती फर्म पुन्हा बोलावत नाही. वरच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे सहा महिने ते वर्षभराचा काळ धरूनच निघावे.

रेझ्युमे दोन पानांचा पुरतो. त्यात जबाबदाऱ्यांपेक्षा कामाचे फळ दिसावे: वार्षिक उलाढाल किती, हाताखाली माणसे किती, रिजेक्शन किती पीपीएमवरून कितीवर आले, युनियनशी वेतनकरार झाला तो संप न होता झाला का. प्रत्येक आकड्यामागची हकीकत मुलाखतीत सांगता आली पाहिजे. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ ही खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते, पण स्वतःच्या कंपनीला ती कळणारच नाही याची पूर्ण खात्री लिंक्डइनही देत नाही. शोधाचे कोणतेही काम ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ईमेलवर करू नये.

पगाराचा आकडा खरा सांगावा. पुढे पगारपत्रके आणि फॉर्म १६ मागितले जातात, आणि पीएफच्या नोंदींवरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखाही ताडून पाहता येतात. सीटीसीतला स्थिर भाग, बदलता भाग आणि शेअर वेगवेगळे मांडावेत. नोकरी सोडताना हाती न आलेले ईसॉप्स सहसा बुडतात, म्हणून त्यांची भरपाई नव्या कंपनीशी बोलताना मागावी. जॉइनिंग बोनस मिळत असेल तर वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, हे पत्रात वाचावे. आकड्यांच्या या बोलण्यात रिक्रूटरचा उपयोग होतो, कारण सौदा जमण्यात त्याचेही हित असते. पण त्याच कारणाने तो सौदा लवकर उरकण्याच्या मागे असतो, हेही विसरू नये.

रेफरन्स म्हणून नाव देण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. दिलेल्या नावांपलीकडेही चौकशी होते. पुण्याच्या औद्योगिक वर्तुळात माणसे एकमेकांना ओळखतात. लेखी ऑफर हाती येऊन पडताळणी पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नये. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर त्याचे पैसे भरून लवकर सुटता येते का आणि ते कोण भरणार, हे आधी ठरवावे. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत काम करू नये, असे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची बंधने मात्र टिकतात. सूचिबद्ध कंपनीत प्रमुख व्यवस्थापकीय पदावर किंवा वरिष्ठ व्यवस्थापनात असलेल्याने राजीनाम्याचे पत्र विशेष जपून लिहावे. सेबीच्या नियमांनुसार असा राजीनामा अमलात आल्यापासून सात दिवसांत ते पत्र कारणांसह शेअर बाजाराला कळवावे लागते, म्हणजे ते सगळे जग वाचू शकते. रागाचे एक वाक्य तिथे कायमचे राहते.

राजीनाम्यानंतर जुनी कंपनी पगार वाढवून थांबायला सांगते. सोडण्याचे कारण पगार नसेल तर थांबू नये. नव्या कंपनीला होकार देऊन मागे फिरणाऱ्याला ती कंपनी आणि तो रिक्रूटर दोघेही पुन्हा विचारत नाहीत.

ही सगळी तयारी हातात नोकरी असतानाच करावी. तेव्हा नकार देण्याची मोकळीक असते, आणि चांगल्या अटी ज्याला नकार देता येतो त्यालाच मिळतात.

तुझा,
काका