आज गुडघा, उद्या मनगट : मुलांमधला ऱ्हुमॅटिक ताप



काही वर्षांपूर्वी पाचवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. कवायतीच्या तासाला म्हणाली, "सर, गुडघा दुखतोय." बसवलं. दोन दिवसांनी घोटा दुखायला लागला, सोमवारी मनगट. मला वाटलं, कवायत चुकवायचे बहाणे! रोज जागा बदलणारं दुखणं खरं कसं असेल? चार मुलांसमोर बोललोसुद्धा तिला. पुढे कळलं, की जागा बदलणं हीच त्या आजाराची मोठी खूण आहे.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटिक ताप. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हा जास्त दिसतो, म्हणजे नेमका आपला शाळेचा वयोगट. सुरुवात होते साध्या घसादुखीने. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळे घसा दुखतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत उतरतो. घरचे विसरूनही जातात. आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात.

घसा बरा झाल्यावर सांधे का दुखावेत? सांध्यात जंतू गेलेले नसतात. जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. या जीवाणूंच्या आवरणातली काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या, सांध्यांतल्या आणि मेंदूतल्या घटकांशी मिळतीजुळती असतात. चोरासारखा शर्ट घातला म्हणून भलत्याच माणसाला पकडावं, तसं काहीसं होतं. गुडघे, घोटे, कोपर, मनगटं असे मोठे सांधे सुजतात, गरम होतात. एक बरा होतो न होतो तोच दुसरा सुरू.

गंमत म्हणजे सांध्यांचं फारसं काही बिघडत नाही, ते पूर्ववत होतात. धोका हृदयाला. त्याच्या झडपांना सूज येते आणि पुन्हापुन्हा हा ताप आला तर झडप कायमची खराब होते. म्हणून 'पाय राहिला की, आता कशाला दवाखाना' असं कृपा करून म्हणू नका. सांधेदुखी थांबली तरी हृदयाची तपासणी, म्हणजे ईसीजी आणि टूडी एको, व्हायलाच हवी. आमच्या मुलीच्या एका झडपेत थोडी गळती निघाली.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. काही मुलांत घसादुखीनंतर काही महिन्यांनी हातापायांच्या, चेहऱ्याच्या नकळत हालचाली सुरू होतात. अक्षर अचानक बिघडतं, हातातून डबा पडतो, मूल चिडचिड करतं, उगाच रडतं. याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. चांगलं अक्षर असलेल्या मुलाची वही एकाएकी बिघडली, तर लाल शेरा मारण्याआधी आईवडिलांना बोलावून घ्या.

दर वेळी घाबरायचंही कारण नाही. नाक गळतंय, खोकला आहे आणि घसा दुखतोय, तर बहुधा ते विषाणूचं काम असतं. रात्री पोटऱ्या दुखतात आणि सकाळी मूल धावतं, ती बहुतेकदा वाढीच्या वयातली दुखणी. 'एएसओ' नावाची रक्ततपासणी वाढलेली आली, एवढ्यावरून हा आजार ठरत नाही. तिच्यावरून घसादुखी होऊन गेल्याचं फक्त समजतं. उलट एकच सांधा लालबुंद, जोराचा ताप आणि मूल तो सांधा हलवूही देत नाही, तर सांध्यातच जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणून देऊ नका. सूज लगेच ओसरते आणि डॉक्टरांना खूणच सापडत नाही. ॲस्पिरिन तर मुलांना मनाने कधीच नको.

घसादुखी जीवाणूंची आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या, तर दहाही दिवस द्या. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात, हे आपल्या घरोघरचं चित्र! घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी पुढचा ताप टळू शकतो.

एकदा हा ताप येऊन गेला, की तो परत येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावं लागतं. तेही किमान पाच वर्षं, आणि हृदयाला इजा झाली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. किती काळ, ते डॉक्टर ठरवतात. इथेच खरी कसोटी असते, कारण मूल धडधाकट दिसत असतं आणि इंजेक्शन दुखतं. पालक कंटाळतात, एक तारीख चुकते, मग दुसरी.

शाळेला इथे बरंच करता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा. ऱ्हुमॅटिक हृदयरोग त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पळायला लावायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

त्या मुलीच्या आईने कॅलेंडरवर दर एकविसाव्या दिवसाला लाल गोल केला होता. तशाच तारखा मी माझ्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या. त्या दिवशी ती दुपारनंतर आली तरी गैरहजेरी लागायची नाही, आणि चाचणी असली तर दुसऱ्या दिवशी घ्यायची.