फुकटचे ॲप वर्गात येते तेव्हा खिशातून काय जाते?

सहावी ते आठवीचा एखादा वर्ग समोर धरू. पट पस्तीस, भिंतीवर लोकवर्गणीतून आलेला ४३ इंची टीव्ही, शिक्षकांचा स्वतःचा फोन आणि रेंज फक्त खिडकीपाशी. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत साधारण एवढाच सरंजाम असतो. या वर्गात फुकटची ऑनलाइन साधने वापरायची तर वर्षाला किती खर्च येतो? जपून केले तर पहिल्या वर्षी दोन हजारांच्या आत भागते. न जपता केले तर रक्कम सहज तिप्पट होते. ती शिक्षकांच्या खिशातून जाते, त्यामुळे शाळेच्या कुठल्याच वहीत दिसत नाही.

सगळ्यात मोठी गळती डेटाची. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे ३,८८७ रुपये. त्यात घरचे, शाळेचे आणि सरकारी माहिती भरण्याचे सगळे एकाच फोनवर. तासभराचा व्हिडिओ ७२०च्या दर्जात पाहिला तर एक ते दीड जीबी संपतो, म्हणजे दिवसाचा कोटा एका तासात गेला. दर्जा ४८० वर आणला तर निम्म्याहून कमी डेटा लागतो आणि ४३ इंची पडद्यावर आकृती तरीही नीट दिसते. ३६० वर मात्र फळ्यावर लिहिलेली अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. शिवाय जाहिराती आहेतच. पचनसंस्थेच्या मधोमध एखाद्या गेमची जाहिरात लागली की पुढची पाच मिनिटे वर्ग हातात राहत नाही. तो खर्च रुपयांत मोजता येत नाही एवढेच.

म्हणून माझा पहिला निकष असा: जे साधन एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालते, ते आधी. अशी साधने आहेत आणि चांगली आहेत.

विज्ञानाच्या शिक्षकांनी ‘फेट’पासून सुरुवात करावी. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. विद्युत परिपथ, अणूची रचना, आम्ल-आम्लारी, अपूर्णांक अशा विषयांवरची ही हलती, हाताळता येणारी प्रात्यक्षिके आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. एकेक प्रात्यक्षिक म्हणजे काही एमबींची एकच फाइल. ती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायची आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडायची. खाते नको, जाहिरात नाही. एकसर परिपथात बल्ब वाढवला की उजेड का कमी होतो, हे मुलांना आधी वहीत लिहायला लावा आणि मग पडद्यावर बल्ब जोडा. खर्च शून्य आणि एकही सेल वाया जात नाही. खरा सेल, खरी वायर मुलांच्या हातात द्यायची ती त्यानंतर. तिला मात्र पर्याय नाही.

गणितासाठी जिओजिब्रा संगणकावर किंवा फोनवर टाकून ठेवता येते. बिगरव्यावसायिक वापराला पैसे पडत नाहीत. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे साहित्य ‘दीक्षा’ ॲपमध्ये लॉगिन न करताही उघडते. केंद्र सरकारचे हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. त्यातला धडा आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवला की वर्गात रेंज शोधत खिडकीपाशी उभे राहावे लागत नाही. सगळेच व्हिडिओ सारखे चांगले नसतात, तेव्हा आधी पाहून घ्या. मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीविव्हर’ आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहातल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे त्या छापल्या, वाटल्या तरी कुणी हरकत घेत नाही. पण छापताना हिशेब करा. रंगीत प्रत पानाला दहा रुपये धरली तर सोळा पानांच्या गोष्टीला १६० रुपये होतात. एवढ्या पैशात छापील पुस्तक विकत आणणे परवडते. गोष्ट पडद्यावर वाचा आणि मुलांना वारंवार हाताळायची असतील ती पुस्तके विकत घ्या.

आता चाचण्या. वर्गात प्रश्नमंजुषा घेणारी जी साधने गाजतात त्यांतल्या अनेकांना प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो. कहूट त्यातलेच. पस्तीस फोन नसलेल्या वर्गाने त्याच्या वाटेला जाऊ नये. अशा वर्गाला प्लिकर्स जास्त उपयोगी. यात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळते. कार्डावरची आकृती प्रत्येकाची वेगळी असते आणि तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचे उत्तर काय ते नोंदले जाते. शेजाऱ्याची नक्कल जवळपास अशक्य, कारण शेजाऱ्याची आकृतीच निराळी.

चाळीस कार्डांचा संच मोफत उतरवता येतो. एका ए-फोर पानावर दोन कार्डे बसतात, म्हणजे वीस पाने. दोन रुपये प्रत धरली तर चाळीस रुपये. ही कार्डे जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर चिकटवली की दोन-तीन वर्षे जातात. लॅमिनेशन करायचा मोह होतो, तो आवरा. पानामागे दहा-वीस रुपये जातात आणि चकचकीत पृष्ठभागावर उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती ओळखता येत नाही. फुकट खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न घालता येतात. तासाच्या शेवटी घ्यायच्या उजळणीला तेवढे पुरतात. त्यासाठी पैसे भरून वरचा दर्जा घेण्याची गरज मला वाटत नाही.

नववी-दहावीत काही मुलांकडे फोन असतात, तिथे गुगल फॉर्म चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘एकच प्रतिसाद’ हा पर्याय चालू असेल तर मुलांना लॉगिन करावे लागते. तो बंद ठेवा आणि नावाच्या जागी हजेरी क्रमांक विचारा. चाचणीचा दुवा व्हॉट्सॲपवर घरी पाठवणे मात्र टाळलेले बरे. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर, आणि संध्याकाळी तो आला की आधी मोठ्या भावाचा नंबर. शाळेचा खर्च अशा वेळी मुकाट्याने पालकांच्या रिचार्जवर जातो.

मुलांच्या नावाने खाती उघडण्याबद्दल स्पष्टच सांगतो: उघडू नका. गुगल आणि व्हॉट्सॲप या दोन्हींची आपल्याकडची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे, म्हणजे सातवीपर्यंतची बहुतेक मुले त्यात बसतच नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे हा नियम आहे आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना मनाई आहे. नाव, जन्मतारीख, फोटो मागणारे साधन फुकट असले तरी त्याची किंमत मुलाच्या माहितीत वसूल होते. वर सांगितलेली बहुतेक साधने शिक्षकांच्या एका खात्यावर किंवा खात्याविना चालतात, ती त्यासाठीच निवडली आहेत.

खरेदी करायचीच तर ती तारांची आणि पेनड्राइव्हची. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत मिळतो. एचडीएमआय केबल अडीचशेच्या आसपास, बरा स्पीकर सातशे-आठशे. फोन टीव्हीला जोडायची तार घेण्याआधी दुकानातच लावून बघा. स्वस्त फोनांच्या टाइप-सी छिद्रातून बऱ्याचदा फक्त चार्जिंग आणि फाइली जातात, चित्र बाहेर येत नाही, आणि उघडलेली तार दुकानदार परत घेत नाही. वीज तशी कमी लागते. शंभर वॅटचा टीव्ही रोज एक तास, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचे २२० दिवस, म्हणजे २२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी २२० रुपये. तीनशे वॅटच्या प्रोजेक्टरला ६६० लागतात, वर त्याचा दिवा गेला की काही हजारांना फोडणी. नवे घ्यायचे असेल तर टीव्हीच घ्या.

हे सगळे मिळून सोळाशे ते अठराशेच्या घरात जाते. दुसऱ्या वर्षी वीज आणि झेरॉक्स एवढेच उरते. हा पैसा शिक्षकांनी खिशातून घालण्याचे कारण नाही. समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंतच्या पटाला १०,००० आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये असे ठरलेले आहे, आणि वीज, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य हे खर्च त्यात बसतात. दहा टक्के स्वच्छतेला राखून उरलेल्यातून डेटासाठीही तरतूद करता येते. अनुदान उशिरा येते ही रड खरीच, पण शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून ठेवला तर पावत्या लावायला अडचण पडत नाही.

बाहेरच्या पाहुण्यांचा तास घ्यायचा तर झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, गुगल मीटवर तिघे किंवा अधिक जण जोडलेले असतील तर ६० मिनिटांत. आपली तासिकाही तेवढीच असते, तेव्हा त्यासाठी वर्गणी भरू नका. ‘महिनाभर मोफत’ म्हणत कार्डाचा नंबर मागणाऱ्या साधनाला तर नाहीच द्यायचा. डॉलरमधली वर्गणी महिना संपताच आपोआप कापली जाते आणि बँकेचा आदल्या दिवशीचा संदेश परीक्षेच्या गडबडीत कुणी वाचत नाही.

गुगलचे फुकट खाते १५ जीबीचे असते. ईमेल, फोटो, फाइली सगळे त्यातच, म्हणून मुलांच्या कवितागायनाचे व्हिडिओ तिथे साठवू नका. हे खाते शाळेच्या नावाने उघडा, वैयक्तिक नको. शिक्षकांची बदली झाली की त्यांच्या खात्यातल्या सगळ्या प्रश्नपेढ्या त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातात. एक चांगली चाचणी बनवायला पहिल्यांदा तासभर लागतो, तेव्हा हे नुकसान दोन हजारांच्या हिशेबापेक्षा मोठे आहे. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या, खात्याला शाळेचाच मोबाइल नंबर जोडा आणि बदलीच्या कार्यभार यादीत टीव्ही, पेनड्राइव्ह यांच्याखाली या खात्याचीही एक ओळ लिहून घ्या.