घटक ५ : कथनमीमांसा आणि माध्यमसंहिता – ‘उतरला’ की ‘उतरवला’?

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात कथा आणि कादंबरी यांच्या संदर्भात निवेदक, दृष्टिकोण आणि कालक्रम या संकल्पनांचा परिचय आपण करून घेतला. त्याच संकल्पना वृत्तपत्रातील बातमी आणि चित्रपट यांना लावून पाहणे हे या घटकाचे प्रयोजन आहे. ‘बातमी म्हणजे जे घडले ते, आणि कथा म्हणजे कल्पिलेले’ असा एक ढोबळ समज आपल्या मनात असतो. बातमीतील घटना खरी असते, हे मान्यच आहे. परंतु घटना स्वतःहून वाक्यात बसत नाही. तिला कोठून तरी सुरुवात द्यावी लागते, कोणाला तरी कर्ता करावे लागते आणि कोठेतरी थांबावे लागते. या तीन निवडी करताच बातमीदार निवेदक होतो.

उदाहरणासाठी येथे मुद्दाम एकच विषय घेतला आहे : मलटाकी किंवा गटार साफ करताना होणारे कामगारांचे मृत्यू. हा विषय अभ्यासपुस्तिकेत अप्रिय वाटेल. परंतु निवेदनातील निवडींचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागतात, हे अशाच विषयात स्पष्ट दिसते.

५.२ सिद्धान्ताची थोडी पूर्वपीठिका

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये शंभर रशियन अद्भुतकथांचा अभ्यास करून एकतीस कार्ये आणि पात्रांची सात कृतिक्षेत्रे निश्चित केली. खलनायक, साहाय्यक, नायक ही त्यांपैकी काही क्षेत्रे होत. पुढे फ्रान्समध्ये त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६९ मध्ये या अभ्यासशाखेला स्वतंत्र नाव दिले. कथा समतोलातून सुरू होते, तो बिघडतो आणि अखेरीस नवा समतोल प्रस्थापित होतो, हे त्यांचे प्रतिपादन माध्यमांच्या अभ्यासात विशेष रूढ आहे. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये घडलेल्या घटनांचा क्रम आणि सांगण्याचा क्रम यांतील अंतर, तसेच प्रत्यक्ष काळ आणि निवेदनाने व्यापलेला काळ यांतील अंतर मोजण्याची साधने दिली. अमेरिकेतील विल्यम लबोव्ह आणि जोशुआ वॅलेत्स्की यांनी १९६७ मध्ये सामान्य माणसांनी तोंडी सांगितलेले अनुभव तपासले. अशा कथनात घटनांच्या जोडीला ‘मूल्यमापन’ हा घटक असतो, म्हणजेच ‘हे मी का सांगतो आहे’ याची खूण असते, असे त्यांनी दाखवले.

ही नावे परीक्षेपुरती पाठ करून फारसा लाभ नाही. यांपैकी बहुतेकांनी कथेकडे वाक्याच्या नमुन्यावर पाहिले, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. तोदोरोव्ह यांनी तर पात्राला नाम आणि कृतीला क्रियापद मानले. म्हणून कथनाचे विश्लेषण करताना मराठी व्याकरणाची वही मिटून ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे.

५.३ एका बातमीचे वाचन

पुढील मजकूर कोणत्याही वृत्तपत्रातून घेतलेला नाही. अशा बातम्यांच्या रूढ भाषेत तो अभ्यासासाठी रचला आहे.

“सेप्टिक टँकमध्ये गुदमरून दोन कामगारांचा मृत्यू. – शहरातील एका गृहसंकुलाच्या सेप्टिक टँकची सफाई करताना विषारी वायूमुळे गुदमरून दोन कामगारांचा दुर्दैवी मृत्यू झाला. मंगळवारी सकाळी ही घटना घडली. सुरुवातीला एक कामगार टाकीत उतरला. बराच वेळ तो बाहेर न आल्याने त्याला पाहण्यासाठी दुसरा कामगार उतरला. मात्र तोही बेशुद्ध पडला. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोघांना बाहेर काढले. दोघांनीही सुरक्षा साधने वापरली नव्हती. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे.”

यातील एकही विधान खोटे नसेल. तरीही प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधून पाहा. उतरला तो कामगार. साधने वापरली नाहीत ती कामगारांनी. बाहेर काढले ते जवानांनी. नोंद केली ती पोलिसांनी. ही टाकी कोणाच्या तरी मालकीची आहे, ती साफ करण्याचे काम कोणीतरी कोणाला तरी सांगितले आहे, त्याची मजुरी कोणीतरी ठरवली आहे. या सर्व कृती मजकुराबाहेर राहिल्या. प्रॉप यांच्या भाषेत सांगायचे तर साहाय्यक आहे, बळी आहे, आणि खलनायकाच्या जागी वायू आहे. वायूला कोणी जबाब विचारू शकत नाही.

आता ‘उतरला’ हे क्रियापद पाहू. ते अकर्मक आहे, प्रयोग कर्तरी आहे. उतरण्याची कृती ज्याची, तोच कर्ता. याचे प्रयोजक रूप करण्यासाठी मराठीला एका ‘व’चे साहाय्य पुरते : ‘उतरवला’. हा ‘व’ येताच वाक्यात एक जागा रिकामी झाल्याचे आपल्याला जाणवते. कोणी उतरवला? प्रयोजक क्रियापद दुसऱ्या कर्त्याची मागणी करते. ‘उतरला’ ती मागणी करत नाही. असेच दुसरे युग्म ‘वापरली नव्हती’ आणि ‘पुरवली नव्हती’ यांचे आहे. साधने नव्हती ही वस्तुस्थिती दोन्हींत समान. परंतु पहिल्यात हयगय मृताची ठरते, दुसऱ्यात ती मालकाची किंवा कंत्राटदाराची ठरते.

येथे कायद्याची भाषा पाहणे उद्बोधक आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा २०१३ चा केंद्रीय कायदा गटार व मलटाकी यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे नेमण्यास मनाई करतो. धोकादायक सफाईची व्याख्या करताना, संरक्षक साधने पुरवण्याचे आणि सुरक्षेची काळजी घेण्याचे दायित्व तो नियोक्त्यावर ठेवतो. म्हणजे कायद्याच्या वाक्याचा कर्ता नियोक्ता आहे आणि क्रियापद ‘पुरवणे’ आहे. आपल्या नमुना बातमीत कर्ताही बदलला आणि क्रियापदही बदलले.

मराठी वृत्तलेखनातील ‘-ण्यात आले’ ही रचना याच दृष्टीने तपासावी. ‘कामगारांना टाकीत उतरवण्यात आले’ असे लिहिले तर प्रयोजक येतो खरा, पण त्याचा कर्ता पडद्याआडच राहतो. ही रचना आपल्या कार्यालयीन भाषेची अत्यंत लाडकी आहे. परिपत्रके तिच्याशिवाय निघतच नाहीत.

५.४ ‘जीव’ या नामाबरोबरची चार क्रियापदे

मृत्यूचे निवेदन करताना मराठीत ‘जीव’ हे एकच नाम चार निरनिराळ्या क्रियापदांबरोबर येते. ‘कामगारांचा जीव गेला’ येथे जीव हाच कर्ता आहे. माणूस षष्ठीत, केवळ धनी म्हणून उरतो. ‘कामगारांनी जीव गमावला’ येथे माणूस तृतीयेत, कर्त्याच्या जागी आला. भूतकाळातील सकर्मक क्रियापदाबरोबर मराठी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ जोडते, आणि नेमके तेच रूप मरणाऱ्याला आपल्या मरणाचा कर्ता करून टाकते. ‘गमावणे’ या क्रियापदाला निष्काळजीपणाचीही छटा आहे. आपण पाकीट गमावतो, संधी गमावतो. ‘जीव दिला’ म्हटले की इच्छा आली. ‘जीव घेतला’ म्हटले की प्रथमच दुसरा माणूस वाक्यात शिरला.

घटना एकच, मृतदेह तेच. पण क्रियापद बदलले की पुढचा प्रश्न बदलतो. ‘गेला’नंतर आपण हळहळतो. ‘गमावला’नंतर ‘काळजी घ्यायला हवी होती’ असे म्हणतो. ‘घेतला’ हे क्रियापद आले तरच ‘कोणी?’ हा प्रश्न निघतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘रस्त्याने आणखी एक बळी घेतला’ या वाक्यात कर्ता कोण आहे? हे वाक्य ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर देते की तो प्रश्न टाळते?

५.५ आरंभाची निवड

व्याकरणाकडून आता कथेच्या आकाराकडे येऊ. नमुना बातमीत ‘सुरुवातीला’ असा शब्द आहे. ही सुरुवात मंगळवार सकाळची आहे. तोदोरोव्ह यांच्या आराखड्यानुसार त्यापूर्वी सारे समतोलात होते, असे वाचक न सांगता गृहीत धरतो. गृहसंकुल शांत होते, टाकी भरली होती, माणसे कामाला आली होती. मग वायूने समतोल बिघडवला. पण मुखवटा किंवा प्राणवायूची सोय नसलेल्या माणसाला टाकीत पाठवणे हा ‘समतोल’ कायद्यानेच निषिद्ध केलेला आहे. मंगळवारी बिघडले ते आधीच बिघडलेले होते.

आरंभ मागे सरकवला तर कथा बदलते. सोमवारी संध्याकाळी कोणी कोणाला निरोप पाठवला, येथून सुरुवात करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ च्या निकालात आरंभ याहून मागे नेला : १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या सर्व कामगारांच्या कुटुंबांचा शोध घेऊन प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश त्याने दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेण्यात आली. न्यायालयाच्या या कथनात प्रत्येक मृत्यू म्हणजे एकाच दीर्घ कथेतील एकेक घटना आहे. आणखी मागे जाऊन, हे काम विशिष्ट जातींच्याच वाट्याला का येत राहिले, येथूनही आरंभ करता येतो. वृत्तपत्रातील दोनशे शब्दांना तेवढा मागचा पल्ला झेपत नाही, ही अडचण खरी आहे.

बातमीदारावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. घटना सकाळची असते, मजकूर संध्याकाळी द्यायचा असतो, माहिती पोलिसांच्या नोंदीतून आलेली असते, आणि नोंदीत ज्याचे नाव नाही त्याच्यावर दोषारोप करणे कायद्याने धोक्याचे असते. ‘वापरली नव्हती’ हा शब्दप्रयोग बहुधा त्या नोंदीतूनच जसाच्या तसा उतरतो. त्यामुळे विश्लेषण करताना ‘पत्रकाराने सत्य दडवले’ असे निष्कर्ष काढू नयेत. उत्तरपत्रिकांमध्ये हा दोष वारंवार आढळतो. विश्लेषकाचे काम रिकामी जागा दाखवण्याचे आहे. तिथे मनाने माणूस बसवण्याचे नाही.

५.६ ‘कोर्ट’ : हीच कथा, वेगळे कथन

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. वासुदेव पवार या सफाई कामगाराचा मृतदेह गटारात सापडतो. नारायण कांबळे या वयोवृद्ध लोकशाहिराने गायलेले गीत ऐकून त्याने आत्महत्या केली, असा सरकार पक्षाचा दावा आहे, आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून कांबळे यांना अटक होते.

मागील विवेचनाच्या प्रकाशात हा आरोप पाहा. सरकारी वकिलांना ‘जीव गेला’चे ‘जीव दिला’ करायचे आहे, आणि त्याला प्रयोजकाची जोड द्यायची आहे : ‘जीव द्यायला लावला’. नमुना बातमीत जो प्रयोजक कर्ता सापडत नव्हता, तो येथे तत्परतेने सापडला आहे. पण तो गाणारा आहे. कामगाराला गटारात उतरवणारा कर्ता अभियोगाच्या कथेत येतच नाही. चित्रपटातील उपरोध संवादांतून येण्याऐवजी या व्याकरणातून येतो, असे मला वाटते.

कालाच्या अंगाने पाहिले तर कामगाराचा मृत्यू पडद्यावर कधीच दिसत नाही. जेनेत यांच्या परिभाषेत हा लोप आहे. मेलोड्रामाची सवय असलेला प्रेक्षक त्या दृश्याची वाट पाहतो आणि त्याऐवजी त्याला तारखा, कलमांचे वाचन आणि टंकलेखकाला सांगितलेली वाक्ये मिळतात. कॅमेरा बहुतांशी स्थिर राहतो, दूर उभा राहतो, कोणाच्या मनात शिरत नाही. निवेदकाने स्वतःला इतके मागे घेतल्यामुळे बाजू घेण्याचे काम प्रेक्षकावर येते.

या दूरस्थ कथनात मृताच्या पत्नीची साक्ष येते. आत जाण्यापूर्वी खडे टाकून झुरळे बाहेर येतात का हे तो पाहत असे, त्यावरून आत श्वास घेता येईल की नाही याचा अंदाज बांधत असे. तो दारू पिऊन कामाला जाई. त्याला साधने मिळत नसत. ती कोणावर आरोप करत नाही, तिचा आवाज चढत नाही. पण तिने कथेचा आरंभ मृत्यूच्या दिवसावरून रोजच्या दिवसावर नेला. जेनेत यांनी सांगितलेली वारंवारता हीच : जे अनेकदा घडते ते ‘असे’, ‘जाई’, ‘मिळत नसे’ अशा रीतिभूतकाळाच्या क्रियापदांनी एकदाच सांगणे. बातमीला ‘उतरला’ हा साधा भूतकाळ लागतो. ‘उतरत असे’ याची बातमी होत नाही.

चित्रपट निकालापाशी संपत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात आणि अंधारलेल्या रिकाम्या दालनावर दृश्य रेंगाळते. बहुतेक दिग्दर्शकांनी येथेच थांबणे पसंत केले असते. ‘कोर्ट’ मात्र पुढे न्यायाधीशांच्या कौटुंबिक सहलीला जातो. ते बाकावर डुलकी घेतात, मुले ओरडून त्यांना जागे करतात, आणि ते एका मुलाच्या थोबाडीत मारतात. कांबळे यांचे काय झाले, हे कळत नाही. तोदोरोव्ह यांचा ‘नवा समतोल’ येथे शोधायचा झाल्यास तो कोणाचा समतोल आहे, हे आधी ठरवावे लागेल.

५.७ उपक्रम

आपल्या परिसरातील वृत्तपत्रातून अपघात, विजेचा धक्का, विहिरीत पडणे किंवा कारखान्यातील दुर्घटना यांविषयीची एक बातमी निवडा. तिच्यातील सर्व क्रियापदे वहीत उतरवून प्रत्येकासमोर कर्ता लिहा. जेथे कर्ता नाही तेथे जागा मोकळी सोडा. त्यानंतर तीच बातमी एक दिवस आधीपासून सुरू करून पुन्हा लिहा. मूळ बातमीत नसलेली कोणतीही माहिती मनाने घालू नका. जेथे माहिती हवी होती आणि मिळाली नाही, तेथे आपण कोणाला कोणता प्रश्न विचारला असता तो समासात लिहा. हे लेखन संपर्कसत्रास येताना सोबत आणावे. समासातील प्रश्नांवर आपण अधिक वेळ चर्चा करू.