टाकीपासून हिऱ्याच्या चाकापर्यंत : एक उद्योगपाठ

आमच्या पिढीने घरोघरी जाते पाहिले आहे. त्याचे दात बोथट झाले, की टाकी लावणारा कारागीर दारी येई आणि छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा खाचा पाडून देई. ज्या हातांत हे कौशल्य होते, त्यांना अक्षरे नाकारली गेली. ज्यांच्याजवळ अक्षरे होती, त्यांनी हातोडी धरणे कमीपणाचे मानले. या फारकतीची किंमत समाजाने दीर्घकाळ मोजली. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या तंत्रशिक्षणाच्या योजना त्याच खात्याकडे होत्या, हे आपण विसरता कामा नये.

आमचा एक माजी विद्यार्थी आयटीआय पूर्ण करून पुण्याकडील एका कारखान्यात लागला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून हिऱ्याचे एक चाक बिघडले आणि त्याची किंमत पगारातून कापली गेली. ते कसे बसवावे, हे त्याला कोणीही शिकवले नव्हते. पुढे जे तो स्वतः शिकला, ते त्याच्याकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत.

चाकाची ओळख

हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ. १९५४ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. १९५७ मध्ये तेथेच रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी क्यूबिक बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन, बनवले. हिऱ्याचे चाक कार्बाइड, काच व दगड यांसाठी वापरतात. पोलादासाठी मात्र ते चालत नाही, कारण घर्षणाच्या उष्णतेत हिऱ्यातील कार्बन लोखंडात विरघळतो. कठीण केलेल्या पोलादासाठी सीबीएनच हवे. आपल्या वाशिमच्या काळ्या बेसाल्टमध्ये बोअर घेणाऱ्या बिटवरील कार्बाइडची बटणे झिजली, की त्यांनाही हिऱ्याच्याच कपाने घासून आकार देतात.

या चाकाचा गाभा धातूचा किंवा राळेचा असतो. कापणारा थर केवळ कडेला, काही मिलिमीटर जाडीचा. किंमत त्या थराची. तो वाया जाऊ न देणे, हेच सारे कौशल्य.

बसवणे

चाकावर लिहिलेली कमाल फेरेगती प्रथम वाचावी. व्यास मीटरमध्ये घेऊन त्यास ३.१४ ने व दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले, की कडेचा वेग मिळतो. १५० मिलिमीटरचे चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तो सेकंदाला सुमारे २३.५ मीटर येतो. आठवीच्या वर्गातील हे गणित येथे जीव वाचवते.

स्पिंडल व फ्लँज पुसून घ्यावेत. धुळीचा एक कणही चाक तिरके करतो. चाक हाताने सहज बसले पाहिजे, ठोकून बसवू नये. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. मग डायल गेज लावून चाक हाताने फिरवावे. डगमग साधारण ०.०२ मिलिमीटरच्या आत असावी. पहिल्यांदा चालू करताना संरक्षक आवरण लावावे, बाजूला उभे राहावे आणि चाक एक मिनिट रिकामे फिरू द्यावे. काम संपल्यावर चाक अडॅप्टरसह काढून ठेवावे. सुटे केले, तर पुन्हा गोलाई आणण्यात महागडा थर झिजतो.

टाकी लावणे

येथे दोन कामे आहेत. चाक गोल व सरळ करणे म्हणजे ट्रूइंग. बोथट चाकातील बंध झिजवून कण उघडे करणे म्हणजे ड्रेसिंग. राळेच्या बंधातील हिऱ्याच्या चाकाचे ट्रूइंग सिलिकॉन कार्बाइडच्या चाकाने, काही मायक्रॉनच्या टप्प्यांनी करतात. त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडची मऊ कांडी लावतात. साध्या चाकासाठी वापरतात ती एकटोकी हिऱ्याची पेन्सिल येथे कधीही लावू नये. आमच्या विद्यार्थ्याची चूक नेमकी हीच झाली होती. ज्यावर कणांचा एकच थर मुलामा देऊन बसवलेला असतो, त्या चाकाला टाकी लावतच नाहीत.

आवाज बदलला, मोटारवर भार वाढला, कामावर जळाल्याचे डाग दिसले, तर चाक बोथट झाले असे समजावे. जोर वाढवू नये.

पाणी आणि श्वास

कूलंटची धार चाक व काम जेथे भिडतात, तेथेच पडावी. थांबताना आधी कूलंट बंद करावे आणि चाक थोडा वेळ फिरू द्यावे. नाहीतर सच्छिद्र चाकात ते एका बाजूस साचून तोल बिघडतो. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असते आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करते. म्हणून धूळ खेचणारी यंत्रणा मागणे हा कामगाराचा हट्ट नसून हक्क आहे.

तो विद्यार्थी आज नव्या मुलांना चाक बसवायला शिकवतो. त्याने या सर्व बाबी एका वहीत लिहून यंत्राजवळ टांगल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनो, आपापल्या कामाची अशी एक वही आपल्या शाळेकडे पाठवा. न शिकवलेल्या चुकीचा दंड आपल्या पुढच्या मुलाला भरावा लागू नये.